‘माझ्या घामाच्या पैशातून गर्भपात?’ : ऑस्टिनकरांना उत्तर (लांबलचक आहे, इलाज नाही)

शेवंता७२

ऑस्टिनकरांच्या कालच्या पोस्टखालीच प्रतिसाद देणार होते, पण तो इतका वाढला की वेगळा धागा काढते आहे. पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: "प्लॅन्ड पॅरेंटहूडचे मेडिकेडचे पैसे ट्रम्पने बंद केले ते झकास झालं. माझ्या घामाच्या पैशातून गर्भपाताची दुकानं कशाला चालवायची? आपल्या भारतात बघा, सरकार असल्या भानगडीत पडत नाही." वर हात जोडलेली इमोजी. (प्लॅन्ड पॅरेंटहूड म्हणजे तिकडची कुटुंब नियोजनाची, गर्भपातही करणारी ना-नफा संस्था; मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा.)

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण डोकं तिथेच फिरलं. भारत सरकार पडत नाही? अहो, १९५२ साली कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम काढणारा आपला देश जगातला पहिला. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ मध्ये काही बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. सरकारी दवाखान्यात गर्भपात होतो, तांबी बसवून मिळते, माला-एन फुकट मिळते, निरोधची पाकिटं आशाताईच्या पिशवीत असतात. हे सगळं कुणाच्या पैशाने चालतं? तुमच्या बाबांच्या पगारातून कापलेल्या टीडीएसवर. त्यांनी कधी त्याबद्दल मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही.

आता तिकडचं. हाइड अमेंडमेंट १९७६ ची. बलात्कार, जवळच्या नात्यातले संबंध किंवा बाईच्या जिवाला धोका, एवढं सोडलं तर केंद्राचा पैसा गर्भपाताला देता येत नाही. टायटल टेन, म्हणजे कुटुंब नियोजनाला केंद्राचा पैसा देणारा कायदा, १९७० चा, सही निक्सनची, म्हणजे तुमच्याच रिपब्लिकन पक्षाची, आणि त्यातूनही गर्भपाताला पैसा नाही. मग ४ जुलै २०२५ च्या कायद्याने वर्षभरासाठी बंद काय केलं? गर्भनिरोधक गोळ्या, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी), गुप्तरोगाच्या तपासण्या आणि उपचार यांची बिलं. अमेरिकन संसदेच्या (काँग्रेसच्या) स्वतःच्या बजेट ऑफिसने सांगितलं होतं की या कलमाने पैसा वाचत नाही, उलट खर्च वाढतो. बाळंतपणं मेडिकेडवरच होतात ना!

आणि हो, हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. २००९ च्या मंदीत नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आम्ही ओहायोत होतो. इन्शुरन्स संपला, कोब्राचा (नोकरी गेल्यावर तोच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) हप्ता ऐकूनच घाम फुटला. माझा आधीचा पॅप रिपोर्ट वाकडा आलेला, ठरावीक मुदतीत पुन्हा करा म्हणून बजावलेलं. एका बंगाली मैत्रिणीने प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या क्लिनिकचा पत्ता दिला. दाराबाहेर पाट्या घेऊन उभ्या असलेल्यांपैकी एका आजींनी माझ्या तळहातावर प्लास्टिकचं गुलाबी इवलंसं बाळ ठेवलं आणि "डोन्ट डू इट, हनी" म्हणाल्या. मी आपली गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायला निघालेली! आत गेल्यावर उत्पन्न विचारून फी ठरवली, आम्हाला झेपेल एवढी. पुढे कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून तपासणी) झाली, वेळेत झाली. बाकी तुमच्या घामाबद्दल मला आदर आहे.

ऑस्टिनकर

ताई, लेख छान, भावनिक वगैरे. पण मुद्दा तिथेच आहे. पैशाला रंग नसतो. गोळ्यांचा खर्च सरकारने उचलला की संस्थेचे तेवढे पैसे मोकळे होतात आणि ते गर्भपाताकडे वळतात. सरकारकडून वर्षाला सुमारे ७९ कोटी डॉलर, उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. वर्षाला गर्भपात चार लाखांच्या आसपास. हे त्यांच्याच वार्षिक अहवालातले आकडे आहेत, माझे नाहीत.

आता कुणीतरी "त्यांच्या कामात गर्भपात फक्त तीन-चार टक्के" घेऊन येईलच, म्हणून आधीच सांगतो. तो हिशेब कसा करतात? गरोदरपणाची चाचणी एक नग, गोळ्यांचं पाकीट एक नग आणि गर्भपातही एकच नग. खानावळीत चटणीची वाटी आणि अख्खी थाळी सारखीच मोजली, तर तिथे जेवायला कुणी येतच नाही असं सिद्ध होईल.

आणि माफ करा, पण तुम्ही व्हिसावर होता. म्हणजे अमेरिकन करदात्याच्या जिवावर उपचार घेतलेत. मग आज त्याच करदात्याने प्रश्न विचारला तर एवढं लागतं का?

शेवंता७२

करदात्याच्या जिवावर?? नवरा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणच्या पेन्शनचे आणि आरोग्यविम्याचे कर) पगारातून भरत होता, ज्यातला एक सेंटही व्हिसावाल्याला परत मिळेल याची खात्री नसते. तुम्ही काय जन्मतःच ग्रीन कार्ड घेऊन आलात का? एच-वनच्या रांगेतच होतात ना? तेव्हा कुठे गेला होता तुमचा करदाता?

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक शंका: जैन माणसाच्या करातून पोल्ट्रीला अनुदान जातं, त्याने काय करायचं?

वसईकर

शंका चेष्टेची असली तरी उत्तर गंभीरपणे देतो. मी वसईचा कॅथलिक, आता न्यू जर्सीत. माझ्यासाठी हा हिशेबाचा प्रश्न नाही. जे मला जीव घेणं वाटतं, त्यात माझा पैसा नको, एवढंच. पोल्ट्रीवाल्या जैन भावाला तसं वाटत असेल तर त्यानेही बोलावं, मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

आणि शेवंताताई, "पैसा जात नाही" हे तुम्ही अर्धंच सांगितलंत. हाइड फक्त केंद्राच्या पैशाला लागू. आमचं न्यू जर्सी राज्याच्या तिजोरीतून मेडिकेडवर गर्भपाताचे पैसे देतं. कॅलिफोर्निया देतं, न्यूयॉर्क देतं. माझा राज्याचा कर त्यात जातो. तेव्हा मला "गैरसमज आहे हो तुमचा" म्हणून समजावू नका. माझा गैरसमज नाही, विरोध आहे.

शेवंता७२

बरं बाबा, राज्यांचं मान्य. ते लिहायला हवं होतं. पण मग तुमचं भांडण ट्रेंटनच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या, विधिमंडळाशी आहे. वॉशिंग्टनने ओहायोतल्या बाईची पॅप स्मिअर बंद करून तुमच्या श्रद्धेचं काय रक्षण झालं?

ऑस्टिनकर, तुमच्यासाठी तुमच्याच अंगणातलं उदाहरण. टेक्सासने २०११ मध्ये कुटुंब नियोजनाचं दोन वर्षांचं बजेट सुमारे ११.१ कोटी डॉलरवरून ३.८ कोटीवर आणलं. नेम प्लॅन्ड पॅरेंटहूडवर होता, पण बंद पडलेल्या क्लिनिकांतली बरीचशी त्यांची नव्हतीच. २०१३ पासून त्यांना राज्याच्या महिला आरोग्य कार्यक्रमातून काढलं. पुढे न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ ला अभ्यास आला. जिथे त्यांची क्लिनिकं होती त्या भागांत, तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या बायकांमध्ये मेडिकेडवरची बाळंतपणं २७ टक्क्यांनी वाढली. "बाई दुसरीकडे जाईल" असं म्हणतात, पण ती जात नाही. तिला दुसरीकडची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत इंजेक्शनची तारीख उलटते.

ऑस्टिनकर

तो अभ्यास घाऊक दरात फिरवला जातो. वाढ कशामुळे झाली याचं एकच कारण नसतं. शिवाय टेक्सासने नंतर पैसे परत वाढवले, २०१६ पासून हेल्दी टेक्सास विमेन चालू आहे, हे सोयीस्कर विसरलात. पैसा द्यायला माझा विरोध नाही, या संस्थेला द्यायला आहे. देशभर कम्युनिटी हेल्थ सेंटर आहेत, तिथे गर्भपात सोडून सगळं होतं. तिकडे द्या की!

आणि भारताच्या कौतुकाबद्दल. सरकारने या क्षेत्रात पैसा ओतला की काय होतं ते आपणच बघितलंय. आणीबाणीतली नसबंदी विसरलात? खुद्द महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. २०१४ ला बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि निदान तेरा बायका गेल्या. आणि बीडचं काय? सरकारी योजनेच्या पैशांवर ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या. हेच ना तुमचं करदात्याच्या पैशाचं आरोग्य?

माजी_सिस्टर

इतका वेळ नुसतं वाचत होते. अमेरिकेतलं मला काही कळत नाही. पण बीडबद्दल काहीबाही लिहू नका. मी मराठवाड्यात उपकेंद्रावर नोकरी केली आहे.

ते पैसे योजनेचे नव्हते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले, म्हणजे आगाऊ मजुरीतले, होते. बाईच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. पीएचसीला डॉक्टर जागेवर नाही, बाई डॉक्टर तर जिल्ह्याच्या गावाला. फडावर खाडा पडला की दंड. मग तालुक्याला खाजगीत जायचं, तिथे सोनोग्राफी करून सांगायचे, पिशवीला गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल, काढून टाक. पंचविशी-तिशीतल्या पोरी! उचल घेऊन बिल भरायचं आणि पुढचा हंगाम ती उचल फेडायची. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली तेव्हा ८२ हजारांवर बायकांमध्ये तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

सरकारने पैसे दिले म्हणून हे झालं नाही. सरकार तिथे नव्हतं म्हणून झालं. कुणाच्या कराचा पैसा वाचला म्हणता, तो या बायकांनी भरला.

निम्मा_डॉक्टर

वाटच बघत होतो की खाजगी डॉक्टर कधी फासावर जातोय. सिस्टर, मी तालुक्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. काही जणांनी धंदा केला, नाकारत नाही. पण सरसकट?

माझ्याकडे बाई येते ती "तपासा" म्हणत नाही, "काढून टाका, कटकट नको" म्हणते. सोबत सासू असते. मी औषध लिहून दिलं तर ती शेजारच्या हॉस्पिटलात जाते. फडावर संडास नाही, पाळीत फडकं वाळत घालायला आडोसा नाही, चौथ्या दिवशी डोक्यावर मोळी. तिच्या बाजूने बघा, पाळीच नको हा तिचा निर्णय वेडेपणाचा नाही. हे पाप एकट्या सर्जनच्या माथी मारू नका, कारखान्यांनाही विचारा.

आणि योजनेचं म्हणाल तर दर ऐका एकदा. पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञाची फी, औषधं, खाट, सगळं बसवायचं. बिल अपलोड करा, त्रुटी येते, फोटो परत पाठवा, पैसे कधी येतील ते देव जाणे. करदाता करदाता करता, करदात्याने आमचे पैसे थकवलेत!

माजी_सिस्टर

डॉक्टर, तुमची थकबाकी तुम्हाला लखलाभ. "बाई स्वतःच म्हणते" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. तिला कोण सांगतं की पिशवीबरोबर अंडाशय काढलं की तिशीत पाळी जाण्याचा त्रास सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात? कागदावर अंगठा घेताना सांगता?

माझ्या हद्दीतली एक, नाव नाही घेत. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात फडावर. दुपारी मोळी उचलायला वाकली की थांबायची आणि गाडीच्या दांडीला कपाळ टेकवून उभी राहायची. घाम असा की पाठीवरचं पोलकं ओलं. बाकीच्या बायका तिला "म्हातारी" म्हणायच्या. दोन लहान लेकरं होती तिला.

निम्मा_डॉक्टर

पुन्हा भावनेवर गेलात. संमतीपत्र मराठीत असतं, मी वाचून दाखवतो. सगळे दाखवत नाहीत हे कबूल. आता तर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागते. म्हणजे खरी गरज असलेल्या चाळिशीतल्या बाईलाही रक्तस्राव होत असताना सहीसाठी फिरायला लावा. हेही लिहा कधीतरी.

तिरकस

धागा ऑस्टिनहून सुटला तो बीडच्या आष्टी-पाटोद्याला पोचला.

ऑस्टिनकर

बीडचे पैसे उचलीतले, ठीक आहे, ते सिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पण बिहार आणि छत्तीसगड? २०१२ च्या आसपास तिथे सरकारी विम्यावरच, आरएसबीवाय कार्डावर, गरज नसताना पिशव्या काढल्याची प्रकरणं निघाली. समस्तीपूर शोधा. तिथे सरकार हजर होतं, पैसाही सरकारचाच होता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२३ ला निकाल आला. म्हणजे बिल पाठवा आणि पैसे घ्या ही पद्धतच डॉक्टरला नको ते करायला लावते. तीच पद्धत मेडिकेडची. मी इतका वेळ दुसरं काय म्हणतोय?

शेवंता७२

बिहारचं उदाहरण चपखल आहे, नाइलाजाने मान्य. पण त्यावर उपाय तपासणी कडक करणं. तुमच्या कायद्यात तसं काही आहे? कुणी खोटी बिलं लावली म्हणून पैसे थांबवले का? नाही. अटी अशा: संस्था ना-नफा हवी, मुख्यतः कुटुंब नियोजन करणारी, गर्भपात करणारी आणि २०२३ मध्ये मेडिकेडकडून आठ लाख डॉलरच्या वर घेतलेली. नाव न घेता एकीला धरायचं, तर त्या अटींत मेन राज्यातली मेन फॅमिली प्लॅनिंगही सापडली. त्यांना आपल्या दवाखान्यातले साधे ताप-खोकला-ब्लडप्रेशरचे उपचार बंद करावे लागले. गावाकडची माणसं होती ती, त्यात पुरुषही. आणि साउथ कॅरोलायनाच्या खटल्यात जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगून टाकलं की "मला माझाच दवाखाना हवा" म्हणून मेडिकेडवरच्या बाईला कोर्टात दाद मागता येणार नाही. डॉक्टर निवडायचं स्वातंत्र्य फक्त पैसेवाल्यांना?

जुनीपानं

सगळे इथे असताना एक सांगायचा मोह होतो. हा वाद आपल्याकडे फार आधी झालाय. र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. सरकारी पैसा सोडाच, लोक दारात उभं करत नव्हते. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई कायदेमंडळात सरकारनेच संततिनियमनाचा प्रसार करावा, असा ठराव आला. भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केलेलं, मांडलं पी. जे. रोहम यांनी. ठराव फेटाळला गेला. आणि ज्या मार्गारेट सँगरपासून या अमेरिकन संस्थेचा उगम, ती १९३५ ला वर्ध्यात गांधीजींना भेटली होती. गांधीजींनी संयमाखेरीज काही मान्य केलं नाही. या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संघटना तर १९५२ ला मुंबईतच स्थापन झाली.

वसईकर

सँगरबाई "नको असलेल्या" लोकांची पैदास थांबवा म्हणणाऱ्यांपैकी होत्या, तेही लिहा. त्यांच्याच न्यूयॉर्क शाखेने २०२० मध्ये मॅनहॅटनच्या क्लिनिकवरून त्यांचं नाव उतरवलं.

जुनीपानं

उतरवलं, आणि बरं केलं. त्याने १९३८ चा ठराव चुकीचा ठरत नाही.

माजी_सिस्टर

तुम्ही सगळे पुरुष गर्भपातावर एवढं बोलता, नसबंदीवर कुणी का बोलत नाही? २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशात ऑपरेशन केलेल्या बायका ३७.९ टक्के, पुरुष ०.३. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, पैसे त्याला जास्त, तरी मी महिनोन् महिने एक गिऱ्हाईक मिळवू शकले नाही. "मला ओझं उचलावं लागतं" म्हणे. आणि बाई काय पिसं उचलते?

निम्मा_डॉक्टर

हे मात्र शंभर टक्के. सिस्टर, इथे तुमच्याशी भांडण नाही.

वसईकर

मेनमधल्या ब्लडप्रेशरच्या पेशंटांचं मला माहीत नव्हतं. ते बरोबर झालं नाही. कायदा आंधळेपणाने लिहिलाय, एवढं म्हणेन. याहून जास्त अपेक्षा करू नका, माझं मत होतं तेच आहे.

ऑस्टिनकर

वसईकर, तुम्ही पण? छान. उद्या मीच देणगी पाठवतो म्हणजे सगळे खूश.

नवीन_पालवी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहिते आहे. मी टेक्सासमध्येच, एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून). नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला, इन्शुरन्स या महिन्याअखेर जाईल. तांबी बदलायची आहे, मुदत होत आली. वादात पडायचं नाही, फक्त कुठे जावं ते सांगा.

ऑस्टिनकर

कम्युनिटी हेल्थ सेंटरला फोन करा, बऱ्याच काउंट्यांत असतं. उत्पन्न कमी असल्याचे कागद दाखवलेत तर फी कमी लागते. पे-स्टब (पगाराची पावती) आणि भाड्याचा करार न्या. हेच तर मी वर लिहीत होतो की पर्याय आहेत.

शेवंता७२

फोन करताना पहिला प्रश्न हा विचारा की तांबी बसवणारी व्यक्ती तिथे कोणत्या वारी असते आणि पहिली तारीख कधीची मिळेल. आणि महिना संपायच्या आत आत्ताच्या इन्शुरन्सवर होतंय का ते आज बघा, उद्या नाही. मग इथे येऊन तारीख सांगा, ऑस्टिनकरांना पर्याय किती लांब आहे ते कळू दे.

ऑस्टिनकर

तारीख लवकरची मिळाली तर तेही सांगा म्हणजे झालं.